वाटेवरचा थांबा

एका शहराहून दुसऱ्या शहरास जाणें आणि वाटेंत एखादें प्रेक्षणीय स्थळ पाहाणें, या दोन गोष्टी वरवर पाहातां एकाच प्रवासाचे दोन भाग वाटतात. परंतु भाड्याची मोटार ठरवितांना त्या दोन अगदीं निरनिराळ्या गोष्टी ठरतात. आणि हा भेद ज्याच्या ध्यानांत येत नाहीं, त्याचा प्रवास बहुधा वाटेंतच बिघडतो. मोटार चांगली असते, रस्ता चांगला असतो, चालकहि भला माणूस असतो. तरी घरीं परतल्यावर त्या प्रवासाचें नांव कोणी काढीत नाहीं. असें कां होतें आणि तें टाळावयाचें कसें, हा विषय दिसावयास लहान आहे. परंतु ज्या घरांत वृद्ध माणसें आहेत, त्या घरांत तो तितका लहान राहात नाहीं.

आगगाडीच्या प्रवासांत हा प्रश्न उद्भवत नाहीं. आगगाडी आपल्या वेळेनें निघते आणि आपल्या स्थानकावर थांबते. खिडकींतून दिसणारा डोंगर कितीहि सुंदर असला तरी त्याच्यासाठीं तिला उभी करतां येत नाहीं. एस. टी.ची गोष्टहि तीच. भाड्याची मोटार मात्र आपल्या दारांतून निघते, इच्छित घराच्या दारांत जाऊन उभी राहाते, आणि तिच्यांत बसलेल्या माणसास असें वाटत असतें कीं, मधली सारी वाट आतां आपली आहे. मनास येईल तेथें थांबावें, मनास येईल तेव्हां निघावें. हें वाटणें स्वाभाविक आहे. तें खरें आहे कीं नाहीं, हें मात्र मोटार ठरवितांना काय बोलणें झालें यावर अवलंबून असतें.

उदाहरणासाठीं मुंबई-पुण्याची वाट घ्यावी. या दोन शहरांमध्यें सुमारें १५० किलोमीटरांचें अंतर आहे आणि मध्यें सह्याद्रि उभा आहे. तो ओलांडण्याची बोरघाटाची वाट फार प्राचीन आहे. चाकांच्या वाहनांसाठीं या घाटांतून रस्ता खुला झाला तो १८३० सालीं, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत. १८६३ सालीं घाटांतून आगगाडी धांवूं लागली. २००२ सालीं ९४.५ किलोमीटर लांबीचा द्रुतगति महामार्ग पुरा झाला. प्रत्येक सुधारणेनें प्रवाशाचा वेळ वांचला, आणि प्रत्येक सुधारणेबरोबर वाटेवरचीं ठिकाणें त्याच्या दृष्टीआड होत गेलीं. द्रुतगति महामार्गावर वाटेल तेथें मोटार उभी करतां येत नाहीं आणि वाटेल तेथून बाहेरहि पडतां येत नाहीं.

या वाटेवरील कार्ल्याचीं लेणीं पाहावयाचीं, तर मुंबईहून येणाऱ्यानें लोणावळ्यास द्रुतगति महामार्ग सोडावा लागतो. मग जुन्या महामार्गानें कार्ले फाट्यापर्यंत यावें लागतें, तेथें डावीकडे वळून डोंगराच्या पायथ्याशीं वेहेरगांवास जावें लागतें, आणि त्यापुढें शेंकडों पायऱ्या पायीं चढाव्या लागतात. मोबाइलच्या नकाशावर हें सारें बोटाच्या पेराएवढें दिसतें. प्रत्यक्षांत चढणें, पाहाणें आणि उतरणें मिळून तरुण माणसाचे दोन तास सहज जातात. वृद्ध माणूस बरोबर असला तर तीन तास हातीं ठेवावे.

या संबंधांत दादरच्या एका कुटुंबाची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

या कुटुंबांतील आजीबाईंचें वय ७६ वर्षांचें. ज्या चाळींत त्यांचा संसार झाला ती पाडून तेथें नवी इमारत व्हावयाची होती. ती उभी राहीपर्यंत तीन-चार वर्षें त्यांनीं पुण्यास मुलीकडे काढावीं, असें ठरलें. त्या वयांत तीन-चार वर्षें म्हणजे केवढा काळ, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. बोलून मात्र कोणी दाखवीत नव्हतें. निघण्याच्या आदल्या आठवड्यांत मुलानें सहज विचारलें, “आई, वाटेंत कुठें थांबायचें आहे का तुला?”

“एकदां कार्लें बघीन म्हणतें,” त्या म्हणाल्या.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षीं त्या यजमानांबरोबर कार्ल्यास गेल्या होत्या. एकवीरेच्या दर्शनाच्या गर्दींत सारा वेळ गेला आणि शेजारच्या लेण्यांत शिरावयाचें राहून गेलें. उतरतांना यजमान म्हणाले होते कीं, आंत छताला लांकडी कमानी आहेत आणि त्या लेण्याइतक्याच जुन्या आहेत. आजीबाईंनीं तें हंसण्यावारी नेलें. दोन हजार वर्षें कुठें लांकूड टिकतें? “पुढच्या खेपेस आंत जाऊन बघ,” असें म्हणून यजमानांनीं तो वाद तेथेंच मिटविला होता. ती पुढची खेप संसारांत कधीं आली नाहीं, आणि वाद घालणाराहि आतां राहिला नव्हता.

मुलानें मोबाइलवरून मोटार ठरविली. निघण्याचें ठिकाण दादर, पोंचण्याचें ठिकाण पुणें, प्रवास एकेरी, वेळ सकाळीं नऊ. समोर जो आंकडा आला तो त्याला स्वस्त वाटला आणि त्यानें होकार कळविला. वाटेंतील थांब्यासाठीं तेथें रकाना नव्हता. ‘चालकालाच वाटेंत सांगूं, तोहि माणूसच आहे, नाहीं कशाला म्हणेल?’ असा त्यानें विचार केला. हा विचार शंभरांतील नव्वद घरांत होतो, आणि त्यांत कोणाचा दुष्ट हेतु नसतो.

वैशाखांतला रविवार होता. मोटार वेळेवर आली. परंतु तिच्या मागच्या कप्प्यांत गॅसची टाकी बसविलेली असल्यामुळें सामान मावेना. एक पिशवी पुढें, एक आजीबाईंच्या पायांशीं, असें करतां करतां पाऊण तास गेला. खालापूर मागें पडल्यावर मुलानें विषय काढला. “दादा, जरा कार्ल्याला घ्या. तास-दीड तास थांबूं आणि निघूं.”

“साहेब, बुकिंग तर सरळ पुण्याचें आहे,” चालक म्हणाला. “तीन वाजतां पुण्याहून मला दुसरें भाडें उचलायचें आहे.”

थोडी घासाघीस झाली. वर कांहीं पैसे देण्याचें मुलानें कबूल केलें. किती, तें ठरलें नाहीं. चालकानें अर्धा तास कबूल केला; तो कोठून कोठपर्यंत मोजावयाचा, तेंहि ठरलें नाहीं. पायथ्याशीं पोंचले तेव्हां बारा वाजून गेले होते. रविवार असल्यामुळें देवीच्या भक्तांची गर्दी लोटली होती आणि मोटार उभी करण्यास जागा मिळेना. आजीबाई उन्हांत शंभरएक पायऱ्या चढल्या असतील, तों मुलाचा मोबाइल वाजला. पांच मिनिटांनीं पुन्हां वाजला. तिसऱ्यांदां वाजला तेव्हां त्या पायरीवर टेकल्या होत्या. “चल रे, खालीं जाऊं,” त्या म्हणाल्या. “तो बिचारा खोळंबला आहे.”

पुढें तळेगांवापासून रस्त्यावर मोटारींची रांग लागली. पुण्यास पोंचेपर्यंत साडेतीन झाले आणि चालकाचें दुसरें भाडें हातचें गेलें. मुलानें वरचे म्हणून जे पैसे दिले, ते चालकाच्या नुकसानीच्या मानानें थोडे होते. आणि अर्ध्या वाटेवरून परत आलेल्या मुलाच्या दृष्टीनें ते फुकट गेले होते. प्रत्येकास वाटलें कीं, दुसऱ्यानें आपणांस फसविलें. वस्तुतः कोणींच कोणास फसविलें नव्हतें.

या प्रसंगाचें मूळ त्या स्वस्त आंकड्यांत होतें. मोटारवाल्यांच्या भाषेंत एकेरी प्रवासाला ‘ड्रॉप’ म्हणतात. पूर्वीं बाहेरगांवचें भाडें म्हणजे जाण्यायेण्याचें भाडें, हा सरसकट रिवाज होता. कारण प्रवासी उतरल्यावर मोटार रिकामी परत आणावी लागे आणि तिचा खर्च त्यालाच द्यावा लागे. आजहि दिवसाच्या हिशेबानें मोटार घेतली, तर रोजचीं किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणीं आहे. मोटार तितकी धांवो वा न धांवो. एकेरी भाडें यापेक्षां स्वस्त पडतें तें एकाच कारणानें. पलीकडच्या शहरांत दुसरा प्रवासी उभा असतो आणि परतीचा खर्च तो उचलतो. अर्थात् पहिल्याचा स्वस्तपणा दुसऱ्याच्या वेळेवर उभा असतो. पहिल्यानें वाटेंत दोन तास मोटार उभी केली कीं ती सांखळी तुटते, आणि तुटलेल्या कडीचा भार चालकाच्या एकट्याच्या शिरावर येतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. एकेरी भाडें देणारा प्रवासी अंतर विकत घेतो. वाटेवरचा वेळ त्यानें विकत घेतलेला नसतो. वाटेंत थांबावयाचें असेल तर तो वेळ निराळा विकत घ्यावा लागतो, आणि तो घरून निघण्यापूर्वीं घेतला तरच वाजवी भावानें मिळतो. घाटाच्या पायथ्याशीं केलेला सौदा दोघांपैकीं एकाला तरी महाग पडतो.

कायद्याची दृष्टि या बाबतींत पाहाण्यासारखी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत कराराच्या वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यांत सबंध वाहन कराराखालीं येतें, आणि कराराबाहेरच्या उतारूला वाटेंत घेण्यास वा उतरविण्यास मनाई आहे. म्हणजे एका कुटुंबानें ठरविलेल्या मोटारींत चालकानें परस्पर चौथा माणूस बसवावयाचा नसतो. या नियमाचा आधार प्रवासी मोठ्या तत्परतेनें घेतात. परंतु करार ही दोन्ही बाजूंस बांधणारी दोरी आहे. चालकानें कराराबाहेरचा उतारू घ्यावयाचा नाहीं, तसा प्रवाशानें कराराबाहेरचा वेळ घ्यावयाचा नाहीं.

दुसरी गोष्ट चालकाच्या विश्रांतीची. १९६१ सालीं झालेल्या मोटार वाहतूक कामगारांच्या कायद्यानें दिवसाला आठ तास काम हें सर्वसाधारण माप ठरविलें होतें, आणि सलग पांच तासांच्या पलीकडे काम न घेतां मध्यें निदान अर्धा तास विसांवा द्यावा असें सांगितलें होतें. तें बंधन पांच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या धंद्यांपुरतें होतें. स्वतःची एकच मोटार हप्त्यावर घेऊन तीच चालविणाऱ्या माणसाचे तास मोजणारा कोणी मालक नसतो. रात्रीं किती वाजतां निजला, सकाळपासून काय खाल्लें, हें त्याला विचारणारा वाटेंत एकच माणूस असतो, आणि तो मागच्या बैठकीवर बसलेला असतो. चौकशी दयेपोटीं केली नाहीं तरी चालेल; ती स्वार्थापोटीं अवश्य करावी. पेंगुळलेल्या डोळ्यांच्या हातीं घाटांत सर्वांचाच जीव असतो. प्रेक्षणीय स्थळीं ठरवून घेतलेला थांबा हा चालकाचाहि विसांवा ठरूं शकतो. चोरून काढलेला थांबा मात्र पुढें तासाभराच्या भरधांव वेगानें भरून काढला जातो.

असो. दादरच्या कुटुंबाची हकीकत पुढें अशी झाली कीं, मार्गशीर्षांत मुंबईस भाच्याचें लग्न निघालें आणि आजीबाईंस चार दिवसांसाठीं आणण्याचें ठरलें. या खेपेस मोटार ठरविण्याचें काम मुलीनें अंगावर घेतलें. वैशाखांतला प्रकार तिला भावाकडून कळला होता; आईनें त्याचा शब्दहि काढला नव्हता. मुलीनें निघण्याच्या चार दिवस आधीं पेठेंतल्या एका मोटारवाल्यास दूरध्वनि केला आणि सर्वांआधीं थांब्याचें सांगितलें. “पुण्याहून दादर. वाटेंत कार्ल्याचीं लेणीं. बरोबर शहात्तर वर्षांची आई आहे. पायथ्याशीं तुम्हांला तीन तास थांबावें लागेल. त्याचे काय घ्याल तें आतांच सांगा.”

मोटारवाल्यानें जो चालक पाठवावयाचा त्याच्याशींच तिचें बोलणें करून दिलें, आणि या बोलण्यानें अर्धें काम झालें. कारण मोबाइलच्या रकान्यांत जें मावत नाहीं तें या माणसास ठाऊक होतें. “ताई, रविवार नको आणि मंगळवारहि नको,” तो म्हणाला. “देवीला गर्दी असते. बुधवारीं निघूं. साडेसहाला निघालों तर उन्हाच्या आधीं आजी वर पोंचतील. पायऱ्या पुष्कळ आहेत. काठी असूं द्या.” चैत्री यात्रेंत आणि नवरात्रांत तर लेण्यांसाठीं म्हणून त्या डोंगराकडे फिरकूंच नये, आणि पावसाळ्यांत सुट्टीच्या दिवशीं लोणावळ्याचा रस्ता टाळावा, असेंहि त्यानें सांगितलें. ज्या वाटेनें माणूस वर्षांतून शंभरदां जातो त्या वाटेविषयीं त्याचा सल्ला घेण्यास पैसे पडत नाहींत. आणि तरी तो फार थोडे घेतात.

मग मुलीनें ठरलेल्या गोष्टी मोबाइलवर लिहून पाठविल्या आणि ‘बरोबर आहे’ असें चालकाकडून लिहून घेतलें. भाडें इतकें. कार्ल्यास तीन तासांचें वेटिंग त्यांत धरलेलें. त्यापुढें लागल्यास तासाला इतके. टोल व वाहन उभें करण्याचें शुल्क प्रवाशाकडे. चालकाचा भत्ता भाड्यांत. माणसें तीन, मोठ्या पिशव्या दोन, मागच्या कप्प्यांत गॅसची टाकी नसलेली मोटार. आगाऊ रक्कम इतकी, आणि बेत रद्द झाल्यास त्यांतून परत किती. एवढा मजकूर लिहिण्यास पांच मिनिटें लागलीं. एकूण आंकडा वैशाखांतल्या आंकड्याच्या जवळजवळ दीडपट झाला. “महाग पडलें गं,” असें भाऊ म्हणाला. “मागच्या खेपेचें स्वस्त पडलें होतें का?” एवढेंच बहिणीनें विचारलें.

बुधवारीं मोटार आली. मुलीनें क्रमांकाच्या पाटीकडे पाहून घेतलें. पिवळ्या पाटीवर काळे आंकडे, म्हणजे प्रवासी भाड्यानें नेण्यासाठीं नोंदलेलें वाहन. पांढऱ्या पाटीची घरगुती मोटार कोणी ओळखीनें स्वस्तांत देऊं केली, तरी ती घेऊं नये. तिला भाड्याचा परवाना नसतो, आणि दुर्दैवानें अपघात झाल्यास विम्याच्या भरपाईचा घोळ होतो. मागच्या बैठकीवरहि पट्टा बांधणें कायद्यानें आवश्यक आहे. तो नातीनें आजीस बांधून दिला. पैसे व औषधें यांची पिशवी नातीनें आपल्याजवळ ठेवली. तसें ठेवण्यांत चालकाचा अपमान नाहीं. उलट अनोळखी तळावर परक्याच्या मौल्यवान वस्तु राखण्याच्या काळजींतून तो मोकळा होतो.

सव्वाआठाच्या सुमारास मोटार पायथ्याशीं उभी राहिली. आजीबाई उतरतांना चालकास म्हणाल्या, “आम्हांला वेळ लागेल हो.”

“लागूं द्या, आजी,” तो म्हणाला. “माझा वेळ तुमच्या भाड्यांतच आहे. मी तोंवर जरा पाठ टेकतों.” आणि बैठक मागें करून तो खरोखरच निजला.

आजीबाई दर वीस पायऱ्यांनीं थांबत चढल्या. वैशाखांत जेथून परतल्या होत्या ती पायरी कोणती, हें त्यांनीं नातीस दाखविलें. वर पोंचावयास पाऊण तासाहून अधिक वेळ लागला, आणि या वेळीं एकदांहि मोबाइल वाजला नाहीं. देवीचें दर्शन झालें. मग तिकीट काढून तिघी लेण्याकडे वळल्या.

कार्ल्याचें हें चैत्यगृह भारतांतील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठें आहे. आंतील लांबी सुमारें १२४ फूट आणि रुंदी सुमारें ४५ फूट. दोहों बाजूंस पंधरा-पंधरा खांब असून त्यांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर बसलेलीं स्त्रीपुरुषांचीं जोडपीं कोरलेलीं आहेत. स्तूपाच्या मागील सात खांब मात्र साधे, अष्टकोनी आहेत. घाटावरून कोंकणांत उतरणाऱ्या व्यापारी वाटेच्या कांठीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं हें काम झालें, आणि पुष्कळ हातांनीं मिळून झालें. वैजयंती, म्हणजे कर्नाटकांतील बनवासी, येथील भूतपाल नांवाच्या श्रेष्ठीनें हें शैलगृह पुरें केल्याचा लेख तेथें आहे. बाहेरील सिंहस्तंभ अग्निमित्रणक नांवाच्या महारठीचें दान. कित्येक खांब धेनुकाकट या गांवच्या लोकांचें दान. त्यांत यवनहि आहेत. दाराच्या कामाशीं एका सुताराचें आणि एका गंध्याचें नांव निगडित आहे. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें येथें वर्षावासासाठीं राहाणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहाकरितां एक गांव दिल्याचाहि लेख आहे.

पुस्तकांतून हें सारें नात वाचून दाखवीत होती. कोणी दिलें, कोठला राहाणारा, काय दिलें, कशासाठीं दिलें. प्रत्येक लेखांत एवढेंच असतें. व्यापाऱ्यांच्या वाटेवरील माणसांस व्यवहार स्पष्ट लिहून ठेवण्याची संवय होती. देवाधर्माच्या कामांतहि त्यांनीं ती सोडली नाहीं. पावसाळ्याचा मुक्काम भिक्षूंनीं कोठें करावा आणि त्याचा खर्च कोणत्या गांवच्या उत्पन्नांतून चालावा, हेंसुद्धां दगडांत कोरून ठेवलेलें आहे. वाटेवरच्या थांब्याची तरतूद आधीं करावी, ही रीत या डोंगरांत नवी नाहीं.

आजीबाईंचें लक्ष मात्र वाचण्याकडे नव्हतें. त्या खांबाशीं उभ्या राहून वर पाहात होत्या. दगडी छताच्या अर्धवर्तुळाला लागून एकीमागून एक कमानी स्तूपापर्यंत गेल्या होत्या, काळसर, रुंद, लेण्याइतक्याच जुन्या. प्रकाश मोठ्या गवाक्षांतून येत होता आणि त्या कमानींच्या कडा स्पष्ट दिसत होत्या.

“लांकूडच आहे,” त्या म्हणाल्या.

मुलगी कांहीं बोलली नाहीं. नातीनें विचारलें, “आजी, काय लांकूड?”

“तुझे आजोबा म्हणत होते तें,” असें सांगून त्या तेथेंच, त्या खांबाच्या जवळ, बराच वेळ बसल्या.

खालीं आल्या तेव्हां अडीच तास झाले होते. चालकाची झोंप झाली होती. सर्वांनीं मिळून न्याहारी केली, आणि घाट उतरतांना मोटार कोठें घाईंत गेली नाहीं. दोनच्या सुमारास दादरला पोंचल्यावर मुलीनें लिहिलेला मजकूर पुढें धरला, ठरल्याप्रमाणें रक्कम दिली आणि टोलच्या पावत्यांचा हिशेब केला. कोणास एक शब्द वाढवून बोलावा लागला नाहीं. जातांना चालकानें आपला क्रमांक आजीबाईंच्या मुलास देऊन ठेवला.

दोन्ही प्रवासांत वाट तीच होती, डोंगर तोच होता आणि पायऱ्याहि तितक्याच होत्या. पहिल्या खेपेचा चालक दुसऱ्याहून वाईट माणूस नव्हता; त्याच्या तीन तासांचें मोल कोणीं आधीं विचारलें नव्हतें, एवढाच काय तो फरक. ज्यांना वाटेंत थांबावयाचें आहे त्यांनीं मोटार ठरवितांना पहिलें वाक्य थांब्याविषयीं बोलावें. कोठें थांबणार, किती वेळ थांबणार, त्याचे किती देणार, आणि वेळ वाढला तर काय, हें लिहून घ्यावें. वाटेची, वाराची आणि गर्दीची माहिती चालकास विचारावी. बरोबर वृद्ध माणूस असेल तर आपल्या मनांतल्या वेळाची दुप्पट धरावी. त्या वयाच्या माणसांच्या वांट्याला पुढची खेप नेहमींच येत नाहीं. ती आणावयाची असेल, तर तिची तरतूद निघण्याच्या चार दिवस आधीं करावी लागते.